युसूफ इस्लाम (कॅट स्टीव्हन्स) : गाणं सोडलं, पण गाण्याचा पैसा दानाला चालला?

फिरस्ता_मन :

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. सध्या युसूफ इस्लाम, म्हणजे पूर्वीचा कॅट स्टीव्हन्स, डोक्यात ठाण मांडून बसलाय. जुनी गाणी, नवी गाणी, इंटरव्ह्यू, जे मिळेल ते ऐकत सुटलोय. बाप ग्रीक सायप्रसचा, आई स्वीडिश, जन्म लंडनचा, विशी-पंचविशीत जगभर नाव झालेलं, आणि १९७७ च्या डिसेंबरात गडी मुसलमान झाला, पुढच्या वर्षी नाव बदललं, १९७९ ला वेम्बलीत युनिसेफच्या बालवर्षासाठी शेवटचा कार्यक्रम केला, गिटारी विकून टाकल्या आणि ते पैसेही दान. इथवर ठीक.

मला अडतंय ते पुढे. गाणं श्रद्धेपायी सोडलं ना? पण जुन्या रेकॉर्ड तर दुकानात विकल्या जातच होत्या, रॉयल्टी येतच होती, आणि त्याच पैशावर साहेबांनी शाळा काढली, मदतसंस्था उभ्या केल्या. म्हणजे गाणं नको पण गाण्याचा पैसा अल्लाच्या कामाला चालतो, हे कसं काय बसवायचं? आणि मग वीस-पंचवीस वर्षांनी परत गिटार हातात घेतली, तेव्हा श्रद्धा बदलली की आजूबाजूचं जग? भांडण काढायला विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय. कुणी कृपया धर्माची धुणी धुवायला बसू नका, त्यासाठी इतर धागे आहेत.

तंबोरेवाली :

पहिली गोष्ट, त्याने गाणं "पाप" ठरवून सोडलं हे अर्धवट आहे. त्यानेच सांगितलंय की सुरुवातीला लंडनच्या रीजंट्स पार्कच्या मशिदीतल्या इमामांना विचारलं तर ते म्हणाले गाणी चांगल्या आशयाची असतील तर गात राहायला हरकत नाही. मग दुसरीकडून वेगळं ऐकायला मिळालं, कुणी म्हणे तंतुवाद्य नकोच, कुणी म्हणे नुसता आवाज आणि डफ चालतो. आता नुकताच धर्मात आलेला माणूस, शंका आली की लांब राहिलेलं बरं, असा त्याचा हिशोब. आणि खरं सांगू का, त्याला गाण्याइतकंच त्याच्या भोवतीचं सगळं नको झालं होतं, टूर, पार्ट्या, मॅनेजर, लोकांनी डोक्यावर घेणं. त्यातून सुटायला एक भक्कम कारण मिळालं, असं आपलं माझं मत.

आधीचा इतिहास पण बघ. १९६९ ला टीबी झाला, मरता मरता वाचला, कित्येक महिने अंथरुणात, तिथून परत आल्यावरची गाणी ऐक, सगळी शोधाचीच आहेत. मग मालिबूच्या समुद्रात बुडायला लागला तेव्हा देवाला म्हणाला की वाचवलंस तर तुझं काम करीन, आणि एका लाटेने किनाऱ्याकडे ढकललं. त्यानंतर भावाने जेरुसलेमहून आणलेलं कुराण हाती पडलं. तर हा माणूस गाण्याकडून धर्माकडे "पळाला" असं नाहीये, गाण्यातून जे शोधत होता तेच तिकडे सापडलं म्हणून गाण्याची गरज संपली, निदान त्याला तेव्हा तसं वाटलं.

आणि मधली पंचवीस वर्षं अगदी शुकशुकाट होता हेही खरं नाही हां. १९८५ च्या लाइव्ह एडला, इथिओपियाच्या दुष्काळासाठीचा तो वेम्बलीचा कार्यक्रम, तिथे हा नवीन गाणं लिहून तयार होता, वाद्याशिवाय नुसत्या आवाजात गाणार होता. एल्टन जॉनचं लांबलं आणि याचा नंबरच आला नाही! म्हणजे भुकेल्यांसाठी गायला तो तेव्हाही तयार होता, बंद दार वगैरे नव्हतं.

शफीक_एम :

फिरस्ताभाऊ, पैशाच्या प्रश्नावर मी लिहितो, मी काही मौलवी नाही पण घरात हे विषय ऐकतच मोठा झालोय.

लोक जकात आणि दान एकच समजतात तिथे गोंधळ होतो. जकात ऐच्छिक नाही, फर्ज आहे, म्हणजे धर्माने सक्तीचं कर्तव्य. तुमच्याकडे निसाबपेक्षा (म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा) जास्त संपत्ती वर्षभर राहिली की तिचे अडीच टक्के काढायचेच, आणि ते कुणाला द्यायचे याचे आठ प्रकार कुराणात सूरे तौबामध्ये (सूरा म्हणजे कुराणातला अध्याय) दिलेत, गरीब, अगदी निराधार, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे. त्यात मन मोठं असण्याचा संबंध नाही, तो त्या लोकांचा हक्क आहे. त्याच्या वर जे तुम्ही खुशीने देता तो सदका. आणि सदक्यातला सगळ्यात टिकाऊ म्हणजे सदका-ए-जारिया, माणूस गेला तरी चालू राहतो तो, विहीर, झाड, शाळा. युसूफभाईंनी १९८३ ला लंडनमध्ये इस्लामिया शाळा काढली, सुरुवातीला मोजकी पोरं, सरकारी मदत नाही, वर्षानुवर्षं अर्ज करतायत आणि नकार येतोय, शेवटी १९९८ ला ब्रिटनमधली सरकारी अनुदान मिळालेली पहिली मुस्लिम शाळा ती. मधली पंधरा वर्षं तिला त्यांच्या खिशाचा मोठा आधार होता, आणि खिशात काय होतं तर जुन्या गाण्यांची रॉयल्टी. आता गंमत बघा, गाणं एकदाच गायलं, पैसा दरवर्षी येतोय, तो दरवर्षी शाळेत जातोय. जारिया म्हणजे याहून वेगळं काय असतं?

तुमचा मूळ प्रश्न, तो पैसा चालतो का. जुन्या आलिमांचं (धर्मपंडितांचं) एक सरळ मत आहे की ज्या पैशाबद्दल मनात शंका आहे तो जवळ ठेवू नका, गरजूंना देऊन टाका, फक्त सवाबची (पुण्याची) अपेक्षा धरू नका. म्हणजे गाणं वाईट मानलं तरी पैसा गरिबाकडेच जायला हवा, आणि गाणं वाईट मानलं नाही तर प्रश्नच मिटला. दोन्ही रस्ते शाळेच्याच दाराशी जातात 🙂 संगीतावर थेट बंदी घालणारी आयत कुराणात नाही, वाद आहे तो काही आयतींच्या आणि हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) अर्थावरून, आणि तो शेकडो वर्षं चाललाय. आपल्याकडे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळच दफन केलंय आणि तिथे उरुसात आजही गाणं होतं, त्यामुळे या वादाची एकच बाजू म्हणजे इस्लाम असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

खडूस_काका :

सगळे आरती ओवाळताय म्हणून मी जरा लिंबू पिळतो. १९८९ ला लेखक सलमान रश्दीच्या पुस्तकावरून पेटलेल्या प्रकरणात याच शांतिदूताने काय तारे तोडले होते ते विसरलात का? एका कॉलेजात प्रश्न विचारला तर ईशनिंदेला मृत्युदंड आहे म्हणाला, मग टीव्हीवरच्या चर्चेत आणखी भर घातली. अमेरिकेत रेडिओवाल्यांनी गाणी बंद केली, एका बँडने तर याचं शांततेच्या आगगाडीचं गाणं (पीस ट्रेन) आपल्या अल्बममधून काढून टाकलं. दान केलं म्हणजे बोललेलं पुसलं जात नाही. आणि दुसरं, दान करायचं तर गुपचूप करावं की, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये असं त्यांच्याकडेच सांगितलंय ना? मग प्रत्येक भूकंप-पुराला एक गाणं कशाला?

तंबोरेवाली :

काका, रश्दीचं कुणी विसरलेलं नाही, मला स्वतःला ती क्लिप बघवत नाही. त्याची बाजू एवढीच आहे की रश्दीला मारण्याच्या फतव्याला मी पाठिंबा कधीच दिला नाही, धर्मशास्त्रात काय लिहिलंय ते विचारलं म्हणून सांगितलं, आणि टीव्हीवर जे बोललो ती मूर्खपणाने केलेली थट्टा होती. पटत असेल तर घ्या, नसेल तर सोडून द्या, मला पूर्ण पटलेलं नाही. एका माणसाच्या जीवावर बेतलेलं असताना थट्टा सुचतेच कशी? पण मग हिशोब पूर्ण लिहा. १९९० ला आखाती युद्धाच्या तोंडावर हाच माणूस बगदादला गेला आणि अडकलेल्या चार ब्रिटिशांना घेऊन आला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा लगेच निषेध केला, रॉयल्टीतले पैसे तिथल्या पीडितांच्या निधीला दिले. आणि तरी २००४ ला लंडनहून वॉशिंग्टनला जाताना याचं नाव विमानप्रवास बंदीच्या यादीत आहे म्हणून अख्खं विमान मेन राज्यातल्या बँगोरला उतरवलं, चौकशी केली, परत पाठवलं. ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी अमेरिकेकडे तक्रार केली. दीड-दोन महिन्यांत त्याच माणसाला रोममध्ये नोबेल शांतता विजेत्यांच्या परिषदेत शांततेसाठीचा सन्मान, गोर्बाचेव्हच्या हातून. दोन ब्रिटिश पेपरांनी त्याला दहशतवादाशी जोडलं होतं, त्यांना माफी मागून नुकसानभरपाई द्यावी लागली, ते पैसे त्सुनामीतल्या अनाथ मुलांना.

शफीक_एम :

काका, गुपचूप दानाचं बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंत. सूरे बकरामध्ये आहे की उघडपणे दिलंत तरी चांगलं, लपवून दिलंत तर जास्त चांगलं. नाव असलेला माणूस उघडपणे देतो तेव्हा त्याच्यामागे आणखी हजार लोक खिशात हात घालतात, म्हणून उघडपणालाही जागा आहे. बंदी दिखाव्याला आहे. आणि दिखावा कशाला म्हणतात ते १०७ व्या सूरेत बघा, छोटीशी आहे, तिच्यात अनाथाला धक्के मारणाऱ्याला धर्म नाकारणारा म्हटलंय, आणि जे नमाज पढतात पण लोकांना दाखवायला, आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू द्यायला नाही म्हणतात, त्यांची खरडपट्टी काढलीये. कुणाचा दिखावा आणि कुणाचा नाही ते मी-तुम्ही कसं ठरवणार?

सातासमुद्रापलीकडे :

उशिरा आलो. फिरस्ता, "श्रद्धा बदलली की जग" याचं उत्तर माझ्या मते बोस्नियात आहे, आणि ते कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१९८५ मध्ये आफ्रिकेतल्या दुष्काळाच्या वेळी मुस्लिम एड ही संस्था निघाली, तिचा पहिला अध्यक्ष हा. त्यानंतर बोस्नियाचं युद्ध. युरोपच्या पोटात, टीव्हीवर रोज दिसतंय, मुसलमान आहेत म्हणून माणसं मारली जातायत आणि जग चर्चा करतंय. त्या काळात बोस्नियाचे परराष्ट्रमंत्री इरफान ल्युबियांकिच, पेशाने डॉक्टर, त्याला भेटले आणि एक कॅसेट दिली. कॅसेटवर काय, तर मंत्र्यांनी स्वतः रचलेलं गाणं. माझ्याकडे गरजणाऱ्या तोफा नाहीत, अशा अर्थाचं. जमलं तर याचं काहीतरी कर, म्हणाले. १९९५ च्या मे महिन्यात त्यांचं हेलिकॉप्टर पाडलं, गेले. आता विचार करा, देश जळतोय, परराष्ट्रमंत्री शस्त्रं मागत फिरतोय, आणि तोच माणूस एका गाणं सोडलेल्या गायकाच्या हातात कॅसेट ठेवतो! ती कॅसेट तो कपाटात ठेवूच शकत नव्हता. १९९७ ला साराजेव्होत जाऊन लोकांसमोर गायला, आणि त्या नावाचा अल्बम पण काढला.

त्याने नंतर सांगितलंय की त्या लोकांना गाण्यातून बळ मिळताना बघितलं आणि गाणं आपल्या कामाचं आहे हे लक्षात आलं. म्हणजे बघा, गाण्याच्या पैशाने मदतकार्य उभं राहिलं, मदतकार्य त्याला युद्धात घेऊन गेलं, आणि तिथल्या लोकांनी त्याला गाणं परत दिलं. कुठल्या मौलवीने परवानगी दिली म्हणून हा परत आलेला नाही, पुस्तकी वाद त्याने नंतर निस्तरला. घरातली गोष्ट पुढची, मुलाने गिटार आणली होती, एक दिवस पहाटेची नमाज झाल्यावर घर झोपलेलं असताना याने ती उचलली आणि बोटं आपोआप जागेवर पडली, हे सगळेच सांगतात, गोड आहे, पण माझ्या मते तोवर निर्णय झालेला होता. २००६ ला नवा अल्बम आला, वाद्यांसकट.

काका, "प्रत्येक संकटाला गाणं" म्हणालात, तर २०१९ ला ख्राइस्टचर्चला दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली, दोन आठवड्यांनी तिथे शोकसभा होती आणि हा तेच आगगाडीचं गाणं गायला, म्हातारा आवाज, गिटार, समोर हजारो लोक. तिथे भाषण करणारे पुष्कळ होते. गाणारा कोण आणायचा होता?

खडूस_काका :

बरं. कॅसेटचं माहीत नव्हतं. रश्दीवर मी हटत नाही. आणि २००० साली इस्रायलने विमानतळावरून परत पाठवलं होतं, हमासला पैसे गेल्याचा आरोप होता, तेही लिहा कुणीतरी.

सातासमुद्रापलीकडे :

लिहिलं. तो आरोप त्याने कायम नाकारला, तेही त्याच ओळीत लिहू.

फिरस्ता_मन :

एका प्रश्नाला एवढं मिळेल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. शफीकभाई, तुमचं "दोन्ही रस्ते शाळेच्याच दाराशी" वाचून हसलो पण गाठ तिथेच सुटली. एक शंका राहिली, ज्यांची शंका फिटलेलीच नाही असे लोक, म्हणजे आजही गाणं नकोच म्हणणारे, ते त्याच्याबद्दल काय म्हणतात? त्याच्या शाळेतल्या पालकांतही असतील ना असे?

शफीक_एम :

असणारच. माझे एक नातेवाईक आहेत, ते त्यांची ती जुनी भाषणं ऐकतात आणि नवीन अल्बमचा विषय काढला की चहा सांगतात 😄 बाकी ऐकायचं असेल तर त्सुनामीनंतरचं हिंदी महासागरावरचं गाणं शोधा, बांदा आचेच्या अनाथ मुलांसाठी केलेलं, त्यात आपला ए. आर. रहमानही आहे. ते झालं की बोस्नियाचं ऐका, ते ऐकताना शब्द समोर ठेवा.