डँडी म्हणजे नुसता नटवा? (चर्चा)

नीलकंठ:
परवा इथे एकांनी लिहिलं, "डँडी म्हणजे बापाच्या पैशावर नटणारा रिकामटेकडा. त्यात तत्त्वज्ञान कसलं?" दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

डँडींचा मूळपुरुष म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज ब्यू ब्रमेल. त्याच्या आधी लंडनचे उमराव भरजरी रेशीम घालत, केसांना पावडर फासत. त्याने ते सगळं मोडीत काढलं. गडद निळा कोट, फिकट वेस्टकोट, पांढराशुभ्र गळपट्टा आणि रोजची आंघोळ. सगळी करामत बेतण्यात आणि स्वच्छतेत. घराण्याने तो उमराव नव्हता, वडील लॉर्ड नॉर्थ यांचे खासगी सचिव. तरी ब्रमेल कपडे कसे चढवतो हे बघायला खुद्द युवराज त्याच्याकडे जाऊन बसे. याला भपका म्हणायचं? फ्रेंच कवी बोदलेरने 1863 मध्ये हेच मांडलं आहे: इतरांना चकित करायचं, पण स्वतः कधी चकित व्हायचं नाही. कपडे ही फक्त वरची खूण, खरा कस मनावरच्या ताब्याचा.

तिरकमठा:
ते "एक" मीच. मनावर ताबा होता म्हणता, मग वारशात मिळालेले तीसेक हजार पौंड गेले कुठे? जुगारात. 1816 मध्ये देणेकऱ्यांना चुकवून फ्रान्सच्या कॅले बंदरात पळाला, 1835 मध्ये कर्जापायी काँ या फ्रेंच शहरात तुरुंगात गेला आणि 1840 मध्ये तिथल्याच वेड्यांच्या इस्पितळात मेला. ज्या विचाराने माणूस असा धुळीला मिळतो त्याला मी तत्त्वज्ञान म्हणणार नाही.

आणि हो, माझा राग नुसता पुस्तकी नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मी चपला घालून गेलो होतो. समोरच्या साहेबांनी माझी प्रमाणपत्रं उघडलीसुद्धा नाहीत, पायांकडे बघितलं आणि "कळवतो" म्हणाले. या "शैली"चा मार कुणाला बसतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

सोनचाफा:
ब्रमेलच्या नोकराची गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. सकाळी तो चुरगळलेल्या गळपट्ट्यांचा ढीग हातावर घेऊन जिना उतरायचा आणि विचारलं की सांगायचा, "हे आमचे फसलेले." मला ती गोष्ट वाचून हसू आलं नाही. ते फसलेले पुन्हा धुतले कुणी?

माझ्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. साबुदाण्याची खळ मी लहानपणापासून केली आहे. गाठी राहिल्या की कापडावर पांढरे ठिपके उठतात, म्हणून फडक्यातून गाळून घ्यायची. नीळ एक थेंब जास्त पडली तर सदरा आजारी दिसतो. कॉलर आधी उलट्या बाजूने, टोकांकडून मध्याकडे, नाहीतर टोकाला चुणी येते. कोळशाच्या इस्त्रीने वडिलांच्या उजव्या तळव्याची कातडी इतकी जाड झाली होती की सुई टोचलेली कळायची नाही. परीटघडीचं कौतुक करताना परीट कुणालाच आठवत नाही.

नीलकंठ:
ताई, वडिलांच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण हा न्याय लावला तर ताजमहालाबद्दलही बोलायला नको. विषय ब्रमेलचा होता, लॉन्ड्रीचा नव्हे.

सोनचाफा:
त्याच्या गळपट्ट्याचं सगळं नाव खळीवर उभं आहे आणि लॉन्ड्री विषयाबाहेर? असं कसं चालेल?

उगवतीचा:
तिरकमठा, तुमच्या चपलांच्या प्रसंगातून मी उलट निष्कर्ष काढतो. कपड्यांवरून माणूस जोखला जातो, म्हणूनच ज्यांना खाली ढकललं त्यांनी कपडे हातात घेतले. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं की लुगडं पांढरपेशा बायकांसारखं नेसा, जात ओळखू येईल असे दागिने टाका, कापड फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ ठेवा. माझ्या आजीच्या सासूने त्यानंतर हातातले चांदीचे गोठ काढले, ते पुन्हा घातले नाहीत.

काँगोतले सापर बघा, म्हणजे गरिबीतही झोकात सूट घालून मिरवणारे तिथले डँडी. ब्राझाव्हिलच्या बाकोंगो वस्तीत पत्र्याच्या घरातून तो माणूस सूट घालून निघतो, अंगावर तीनच रंग, चौथा चालत नाही. काँगो नदीपलीकडच्या देशात, तेव्हाच्या झाईरमध्ये, हुकूमशहा मोबुटूने सूट-टायवर बंदी आणली, तर तिथल्या राजधानीची, किन्शासाची पोरं मुद्दाम सूट घालून हिंडली.

तिरकमठा:
बाबासाहेबांना या पंगतीत बसवू नका! त्यांचा सूट माणूसपणाच्या हक्काचा होता. ब्रमेल उभ्या आयुष्यात कुणाच्या हक्कासाठी झगडला? आणि घरी पोरं उपाशी ठेवून महागडे बूट घेणाऱ्या सापरचंही मला कौतुक नाही.

उगवतीचा:
पंगतीत बसवलं नाही, नीट वाचा. कपडा क्षुल्लक नसतो, एवढंच म्हटलं. बाबासाहेबांचा पुतळा कुणी धोतरात घडवत नाही, ते उगाच नाही.

तिरकमठा:
बरं. कपडा क्षुल्लक नसतो, हे मान्य. मला चपलांवरून घालवलं तेव्हाच ते कळलं होतं. पण ब्रमेल थोर, हे मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

नीलकंठ:
थोर म्हणा असा माझा हट्ट नव्हता, "रिकामटेकडा" मागे घ्या एवढंच म्हणणं होतं. सोनचाफाताई, लॉन्ड्री विषयाबाहेर म्हणालो ते चुकलं. गळपट्ट्याला खळ किती असावी यात ब्रमेलचं अर्धं कसब होतं, ताठ राहील पण पुठ्ठा होणार नाही इतकी. ते करणारे हात त्याचे नव्हते, हेही खरं.

सोनचाफा:
खळीचं प्रमाण त्याला कळत होतं, एवढं त्याला देते. वडिलांनाही कळायचं. गिऱ्हाइकांचे सदरे कडक करायचे, पण रविवारी दुकान बंद केल्यावर स्वतःचा एकुलता एक पांढरा सदरा घ्यायचे आणि खळीत दोन तांबे पाणी जास्त ओतायचे. मानेला टोचते म्हणायचे. तो सदरा घालून देवळापर्यंत चालत जायचे, आणि वाटेत कुठेही टेकायचे नाहीत, घडी मोडेल म्हणून.