बी विंगच्या जिन्याखाली फुटकं कमोड कुणाचं?

माने (सेक्रेटरी): बी विंगच्या जिन्याखाली फुटकं कमोड टेकवून ठेवलंय. सायकली तिथंच, पोरांची लपाछपीही तिथंच. ज्यांचं असेल त्यांनी आज उचलावं.

जाधव, बी-२०१: फोटो टाका साहेब, ओळख परेड घेऊ 😄

वैशाली, बी-३०२: साहेब, आमचंच आहे. पोत्यात भरून ठेवा म्हणून गवंड्याला सांगितलं होतं, त्यानं तसंच ठेवलं. हे आले की लगेच हलवतो. पण विषय निघालाच आहे तर विचारते. जुनं फुटलं त्याचं काही नाही, ते जाणारच होतं. नवीन कमोड बसवलं आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला केसासारखी रेघ दिसली. दुकानदार म्हणतोय, बसवलेला माल परत घेत नाही. प्लंबर म्हणतोय, माल आधीचाच फुटका. गवंडी म्हणतोय, पांढरं सिमेंट भरतो, दिसणार पण नाही. त्यात जुन्या बेसिनच्या कडेला फरशी लागून टवका उडालाय. काय करावं?

अमोल, सी-२०४: वहिनी, सरळ ग्राहक आयोगात जावा. २०१९ चा कायदा आहे, बिल असलं की झालं.

कुलकर्णी काकू, ए-२०३: अरे अमोल, निकाल लागेपर्यंत त्यांनी जायचं कुठं?

जाधव, बी-२०१: 😂😂

पोवार काका, ए-१०१: वैशाली, भांडण नंतर. आधी रेघ कसली आहे ते बघ. वरच्या काचेच्या थरालाच जाळी पडली असेल तर ती बहुतेक दिसायलाच वाईट. आत मातीपर्यंत गेलेला तडा असेल तर तो वेगळा विषय. जागा कोरडी पूस, पेनची शाई किंवा नीळ लाव, दहा मिनिटं थांब आणि ओल्या फडक्यानं पूस. रेघ निळी राहिली तर थर उघडा पडलाय हे नक्की. मग एक रुपयाचं नाणं घे आणि हळू वाजव. शिरोलीत फाउंड्रीत आयुष्य गेलं, कास्टिंग वाजवून बघितल्याशिवाय आम्ही पुढं पाठवत नव्हतो. धड भांडं खणखणतं, तडा असला की बद्द वाजतं. फक्त एक, खाली सिमेंट लागलेलं भांडं तसंही थोडं दबकंच वाजतं. म्हणून डावीकडं वाजवलंस की उजवीकडं त्याच जागेवर पण वाजव, फरक ऐक.

वैशाली, बी-३०२: करून सांगते काका.

कुलकर्णी काकू, ए-२०३: तोवर माझं ऐका. काम चालू असताना दार लावून घेऊ नका, डोकावत राहा. आमच्याकडं वरच्या फरश्या बसवताना तो माणूस कमोडच्या काठावर दोन पाय देऊन उभा! शिडी बाहेर भिंतीला टेकलेली. वर मलाच सांगतोय, काकू काय होत नाही. आणि थापी धुतली ती बेसिनमध्ये. ते सिमेंट खालच्या बॉटल ट्रॅपमध्ये, म्हणजे बेसिनखालच्या पाइपाच्या बाटलीसारख्या भागात, जाऊन दगड झालं.

जाधव, बी-२०१: सगळीकडं हेच. भांड्यावर पुठ्ठा आणि गोणपाट बांधून घ्यायचं, पाईपच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबायचा. सांगितल्याशिवाय कोण करत नाही.

वैशाली, बी-३०२: काका, केलं. शाई गेली नाही. रेघ बोल्टच्या भोकापासून निघून खाली वाकलीय. डावीकडचा आवाज एकदम बद्द.

पोवार काका, ए-१०१: मग विषय संपला, भांडं बदलायचं. आता नीट ऐक, घरातल्या सगळ्यांना पण सांग. ही चिनी माती साधारण १२०० अंशाला भाजलेली असते. पाणी जवळपास पीत नाही, चांगल्या मालात अर्ध्या टक्क्याच्या आतच. पण ती वाकतही नाही. लोखंड वाकून सूचना देतं, ही देत नाही. आज केसाएवढी रेघ आहे, उद्या एखादा जड माणूस बसला की एका झटक्यात तुकडे. त्यांची कड काचेसारखी, जखम खोल जाते. म्हणून तड्यावर पांढरं सिमेंट, एमसील, काही म्हणजे काही नको. रेघ झाकली जाईल, भांडं जोडलं जाणार नाही. आजपासून त्यावर कुणी बसायचं नाही.

अमोल, सी-२०४: काका, पण चूक कुणाची ते कसं कळणार?

पोवार काका, ए-१०१: कडेला बॅटरी मारून बघायचं. तड्याच्या कडा चकाकीनं गोलसर झाल्या असतील तर दोष भट्टीतला, म्हणजे कंपनीचा. कडा धारदार असतील तर बहुतेक नंतरचा. इथं रेघ बोल्टच्या भोकातूनच निघालीय, त्यामुळं माझा संशय पान्यावर. वैशाली, बोल्टखाली रबरी किंवा प्लास्टिकचा वायसर आहे का? आणि खाली सिमेंट किती भरलंय?

वैशाली, बी-३०२: वायसर दिसत नाही. सिमेंट गच्च भरलंय, चारी बाजूंनी.

पोवार काका, ए-१०१: झालं तर. उघड्या भांड्यावर लोखंडी नट आवळला, शिवाय खालची फरशी थोडी उंचसखल असणार. सिमेंट घट्ट झालं की हलत नाही, भांड्याला जागा राहत नाही. पायाला पातळ सिलिकॉन मारलं असतं तर पुढं काढायलाही सोपं गेलं असतं. प्लंबरला बोलावून हे शांतपणे दाखव. दुकानदाराला शिव्या घालू नकोस, त्याच्याकडूनच दुसरं घ्यायचंय.

वैशाली, बी-३०२: आणि बेसिन? टवका बोटाच्या पेराएवढा, कडेलाच आहे. पिस्ता रंग आहे, नाहीतर नवीनच घेतलं असतं.

कुलकर्णी काकू, ए-२०३: पिस्ता? अगं आमच्या पिस्ता रंगाच्या टाकीचं झाकण फुटलं तेव्हा शाहूपुरी झाली, लक्ष्मीपुरी झाली, सगळे दुकानदार हसून पांढरं दाखवतात. जपून ठेव बाई ते बेसिन.

पोवार काका, ए-१०१: टवक्यापासून रेघ पुढं गेली नसेल तर राहू दे. पॉलिश पेपर मारून, पूर्ण वाळवून दोन भागांचं इपॉक्सी भर. वरून रंग लाव, दिवसभर पाणी लागू देऊ नको. कडेला आहे म्हणून टिकेल, सतत पाणी साचतं तिथं टिकत नाही. रंग तंतोतंत जुळेल याची आशा ठेवू नको. आणि ॲसिडनं धुणं बंद.

जाधव, बी-२०१: वहिनी, नवीन घेताना भिंतीपासून पाईपच्या मध्यापर्यंत टेपनं मोजा, ९ इंची का १२ इंची ते. भिंतीच्या जुन्या फरशीवरच नवी चिकटवली असेल तर तिची जाडी त्यात जाते, माप नव्या फरशीपासून घ्या. आणि टेम्पोवाला उभा असतानाच खोकं फोडा, तिथंच नाणं वाजवा. काही असलं तर चलनावर लिहून मगच सही.

वैशाली, बी-३०२: आत्ता प्लंबर येऊन गेला. वायसर नव्हता हे त्यानं मान्य केलं. अर्धे पैसे मजुरीतून कापायचे ठरलं, दुकानदार नवीन भांडं थोडं कमी करून देतोय.

कुलकर्णी काकू, ए-२०३: अर्धेच? पूर्ण घ्यायला हवे होते.

वैशाली, बी-३०२: काकू, बाथरूमचं काम अजून अर्धं बाकी आहे, तो परत यायला पण पाहिजे 🙏

माने (सेक्रेटरी): ठीक. राडारोड्याचं बोलतो. कमोडचे तुकडे टिप्परच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत, उचलणाऱ्या माणसाचा हात कापतो. बांधकामाचा राडारोडा ज्याचा त्यानं वेगळा ठेवायचा, असा २०१६ पासूनचा नियम आहे. जाड पोत्यात भरून तोंड बांधा आणि वर "काच" असं मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे कुणी हात घालणार नाही.

अमोल, सी-२०४: फरशीचे तुकडे टाकू नका वहिनी, मामांच्या गच्चीवर चायना मोझॅक करायचंय. पांढरे असतील तेवढे मी नेतो.

वैशाली, बी-३०२: ने की. कमोडचे पण नेतोस का?

अमोल, सी-२०४: ते वाकडे असतात, बसत नाहीत. आणि मामी घरात घेणार नाही 😄

माने (सेक्रेटरी): रविवारी सकाळी ९ ला टेम्पो सांगितलाय. आणखी कुणाची पोती असतील तर शनिवारपर्यंत कळवा, भाडं वाटून घेऊ. जिन्याखाली नको, मागच्या भिंतीजवळ ठेवा.

जाधव, बी-२०१: माझी दोन धरा.