प्रति: प्लॅन लागतोच कशाला, सीए करून देतो की

वर कुणीतरी म्हटलंय की मुद्रा लोनला (छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं कर्ज) प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो तो सीए दोन दिवसात बनवून देतो, मग धंद्याच्या प्लॅनसाठी स्वतः कशाला डोकं खाजवायचं. अहो पण तो रिपोर्ट बँकेसाठी असतो, त्यात दरवर्षी विक्री वाढतच जाते आणि हप्ता आरामात भरला जातो असंच दिसणार ना!

फराळाचा धंदाच घ्या. दिवाळीच्या आधी दीड महिना मरमर काम आणि नंतर सगळं थंड, पण गाळ्याचं भाडं, लाइटबिल, मदतीला ठेवलेल्या बायकांचा पगार आणि बँकेचा हप्ता बाराही महिने. हे महिनावार वहीत मांडलं की लगेच दिसतं पैसे कधी कमी पडणार, मार्चमध्ये की जूनमध्ये. वर्षाची बेरीज नफ्यात असूनही मधेच खिसा रिकामा होतो हो.

आणि उधारी! समजा दुकानांना महिन्याला 2 लाखांचा माल देताय आणि ते 45 दिवसांनी पैसे देतात, म्हणजे कायम 3 लाख बाहेर अडकलेले. लोक मशीनसाठी कर्ज काढतात आणि खेळतं भांडवल (रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा) धरतच नाहीत, तिथेच गाडी अडते. एमएसएमई म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्यात पैसे द्यायला 45 दिवसांची मर्यादा आहे खरी, पण त्याहून उशीर झाला तरी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कोण कायदा दाखवणार, पुढची ऑर्डर जायची.

इंग्रजी फॉरमॅट वगैरे काही नको, एक्सेल येत नसेल तर दोनशेपानी वही चालेल. फक्त स्वतःची मजुरी धरा त्यात, घरगुती धंद्यात ती कुणीच धरत नाही आणि मग भाव कायम कमी लागतो.