ब्लँकमध्ये न पेरताच पीक! वजा करू का?

नवखा क्यूसीवाला:
मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीतलं एनडीएमए (कॅन्सरचा धोका असलेलं एक नायट्रोसअमाइन) तपासतोय, एलसी-एमएसवर, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनवर. मशीन हाय रिझोल्युशनचं. दिवसाची मर्यादा ९६ नॅनोग्रॅम आणि जास्तीत जास्त डोस २५५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३८ पीपीएम (दहा लाखात ०.०३८ भाग). तिथवर पोचताना दम लागतो, ते ठीक. पण तीन दिवस झाले, ब्लँकमध्येच, म्हणजे सँपल न घालता केलेल्या चाचणीत, एनडीएमएच्या जागी आलेखावर पीक (उंचवटा) येतोय. कधी सँपलच्या एक तृतीयांश, कधी निम्मा. साहेब म्हणतात, वजा कर आणि रिपोर्ट पाठव. करू का?

जुनी खोड:
अजिबात नको. ब्लँक रोज तेवढाच आला असता तर एकवेळ विचार केला असता. तुझा तर रोज बदलतोय. वजा करून उरलेला आकडा गोळीचा की टेबलाचा, कसं सांगणार?

आधी मशीनला इंजेक्शन न देताच ग्रेडियंट (द्रावकांचं बदलतं मिश्रण) पळव. तरी पीक आला तर घाण सिस्टिममध्ये आहे. नाही आला तर नव्या व्हायलमध्ये नुसतं डायल्युएंट (सँपल विरघळवायचा द्राव) घाल. तेही स्वच्छ निघालं तर सँपल सोडून बाकी सगळं साग्रसंगीत कर: पिपेट, शेकर, सेंट्रिफ्यूज, फिल्टर. चोर कुठल्या पायरीवर आत शिरतो ते दिसेल.

माझा चोर हातमोज्यात होता. रबरात नायट्रोसअमाइन्स असू शकतात, आणि मला फ्लास्कच्या तोंडावर अंगठा दाबून तो उलटापालटा करायची सवय. बावीस वर्षांची! काचेचा स्टॉपर लावला आणि पीक गायब. त्याआधी दोन आठवडे मी कॉलमला (मशीनमधल्या रेणू वेगळे करणाऱ्या नळीला) शिव्या घालत होते.

क्लेअर पॅटरसन हा अमेरिकी शास्त्रज्ञ शिशावरून पृथ्वीचं वय काढायला बसला तेव्हा त्याच्या नमुन्यांतही बाहेरचं शिसं घुसत होतं. प्रयोगशाळा घासूनपुसून काढली, मग १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षं हा आकडा छापला. आणि त्या उपऱ्या शिशाचा माग काढत पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध उभा राहिला. वजाबाकी करून मोकळा झाला असता तर?

पीपीएम पंत:
ताईंचं सगळं बरोबर, पण तो पीक एनडीएमएचाच आहे हे कुणी ठरवलं? मेटफॉर्मिनमध्ये डीएमएफ या द्रावकाने भल्याभल्यांना फसवलंय. एनडीएमएचा आयन ७५.०५५३ वस्तुमानावर. डीएमएफचा ७४.०६०० वर, म्हणजे लांब. पण निसर्गात हजारातले तीन-चार नायट्रोजन अणू जड, १५ वजनाचे असतात. तसला डीएमएफ ७५.०५७१ वर येतो. फरक ०.००१८, म्हणजे वस्तुमानाच्या हिशेबात जेमतेम २४ पीपीएम. मशीनची खिडकी दोन्ही बाजूंना ३० पीपीएमची ठेवली असेल तर पाहुणा सरळ आत. पीक ज्या मिनिटाला येतो तिथेच ७४.०६०० चा ट्रेस (त्या वस्तुमानाचा आलेख) काढून बघा.

सूक्ष्मदर्शक:
माझं क्षेत्र वेगळं, पण राहवलं नाही. आम्ही रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशी मोजतो. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच सापडल्या तरी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो आकडा गंभीर धरतात. म्हणून सुईतून आलेलं पहिलं रक्त वापरत नाही. सुई कातडीतून जाताना तिथल्या पेशी खरवडून आणते, आणि त्याही कॅन्सरपेशींसारख्या एपिथेलियलच (शरीराच्या अस्तरातल्या). रंग दिल्यावर तशाच चमकतात. निरोगी माणसाच्या रक्तातही एखादी दिसते अधूनमधून, म्हणून आमची रेघ शून्यावर नाही.

नवखा क्यूसीवाला:
सापडलं! इंजेक्शनविना स्वच्छ, नुसतं डायल्युएंट स्वच्छ, पिपेट आली की पीक हजर. पंत, ७४.०६०० चा ट्रेस उघडला तर डोंगर. शेजारच्या टेबलावर रेसिड्युअल सॉल्व्हंट्सचं (औषधात उरलेल्या द्रावकांचं) काम चालतं, त्यांचं डायल्युएंटच डीएमएफ. पिपेट दोघांत एक. नवी पिपेट घेतली, ब्लँक सपाट. सँपलमध्ये मात्र थोडा डीएमएफ मुळातच आहे, म्हणून ग्रेडियंटची सुरुवात संथ केली. पीक फुटून दोन झाले. मोठा डीएमएफचा. एनडीएमएच्या जागी उरलं ते एलओक्यूच्याही (भरवशाने मोजता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या) खाली. मग आता शून्य लिहू?

जुनी खोड:
शून्य नाही रे बाबा. ‘एलओक्यूपेक्षा कमी’ लिही, आणि तुझा एलओक्यू किती तो आकडा शेजारी लिही. नव्या पिपेटवर आजच ‘फक्त एनडीएमएसाठी’ अशी पट्टी चिकटव.