परदेशी ब्रोकरचं खातं मेटाट्रेडरला जोडून द्यायचं नाही, असं मी ठरवलंय. तुमचं मत सांगा

कर्वेनगरचा दुकानदार

कर्वेनगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. विंडोज टाकणं, उडालेला डेटा काढून देणं, प्रिंटर जोडणं ही नेहमीची कामं. दोन-अडीच वर्षांपासून त्यात एक भर पडलीय: "दादा, मेटाट्रेडर टाकून द्या आणि ब्रोकरचं खातं जोडून द्या." मेटाट्रेडर म्हणजे चलन, सोनं यांचे सौदे करायचं सॉफ्टवेअर. येणारी बहुतेक पंचविशीच्या आसपासची मुलं. दहा मिनिटांचं काम, दोनशे रुपये मिळतात. आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

मागच्या सोमवारी एक मुलगा आला. परभणीकडचा, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतो. तक्रार अशी की खातं जोडलेलं दिसतं, भाव हलतात, पण ऑर्डर जात नाही. आधी नेहमीचं तपासलं. खाली उजव्या कोपऱ्यात कनेक्शनच्या पट्ट्या ठीक. सर्व्हर लाइव्हचाच, म्हणजे खऱ्या पैशांच्या खात्याचा, निवडलेला. सोन्याच्या नावापुढे ब्रोकरने जोडलेलं जादा अक्षर असतं, तेही बरोबर होतं. मग जर्नल, म्हणजे सॉफ्टवेअरची नोंदवही, उघडलं. तिथे ओळ होती: ट्रेडिंग बंद, इन्व्हेस्टर मोड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेटाट्रेडरच्या खात्याला दोन पासवर्ड असतात. मास्टर पासवर्डने सौदे करता येतात, इन्व्हेस्टर पासवर्डने नुसतं बघता येतं. या मुलाला बघायचाच पासवर्ड दिला होता. मास्टर होता टेलिग्रामवरच्या 'सरां'कडे. त्यांनीच खातं उघडून दिलं, त्यांनीच "मी सांभाळतो" म्हणून सांगितलं. पैसे मात्र याचे, चाळीस हजार.

हिस्टरी उघडली तर अकरा दिवसांत त्रेसष्ट सौदे, जवळपास सगळे सोन्यात, ०.२ लॉटचे. सोन्याचा एक लॉट १०० औंसांचा, म्हणजे ०.२ लॉटवर भाव एक डॉलर हलला की वीस डॉलर आले किंवा गेले. सुरुवातीला खात्यात साडेचारशे डॉलर होते. मी बघितलं तेव्हा ३८ उरले होते आणि एक सौदा उघडा होता. तो विचारत होता, "दादा, हा तरी बंद करता येईल का?" बटण करडं होतं. आम्ही दोघं समोर बसून तो आकडा ३८ चा ३१, ३१ चा २६ होताना बघत होतो. करता काहीच येत नव्हतं.

त्या रात्री ठरवलं की परदेशी ब्रोकरचं लाइव्ह खातं यापुढे दुकानात जोडून द्यायचं नाही. लॉगिन झालं म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, एवढंच कळतं. समोर कोण बसलंय, पैसे कुणाच्या खात्यात गेलेत, परत मिळतील का, हे त्या पट्ट्यांवरून कळत नाही. आणि मी जोडून दिलं की पोराला वाटतं, दुकानात जाऊन रीतसर केलंय, म्हणजे अधिकृतच असणार. माझ्या दुकानाचा तो भरवसा मला असा द्यायचा नाही.

बायको म्हणते बरोबर आहे. शेजारचा मोबाइलवाला म्हणतो, गिऱ्हाईक घालवतोयस.

---

हिंजवडीचा अल्गोवाला

त्या मुलाबद्दल वाईट वाटलं, पण निर्णय मला चुकीचा वाटतो.

चोरी केली त्या 'सरां'नी आणि शिक्षा होतेय सॉफ्टवेअरला. मेटाट्रेडर ५ हे २०१० पासून जगभर वापरात असलेलं साधन आहे, ४ तर २००५ चं. त्यातला स्ट्रॅटेजी टेस्टर उघडून बघा. एखादी कल्पना जुन्या भावांवर, भावाच्या प्रत्येक हालचालीच्या (टिक) डेटावर तपासून बघता येते, तेही फुकट. मी प्रोग्रॅमिंग खऱ्या अर्थाने शिकलो ते त्याच्या एमक्यूएल भाषेत, कॉलेजात नाही. ॲपलने सप्टेंबर २०२२ मध्ये दोन्ही ॲप आपल्या स्टोअरमधून काढून टाकली होती, मार्च २०२३ मध्ये परत ठेवली. साधनातच खोट असती तर परत ठेवली असती का?

दुसरं, "कायदेशीर बाजारात करा" असं म्हणणाऱ्यांनी तो बाजार आज कसा आहे ते बघावं. एनएसईवर डॉलर-रुपयाचा वायदा २००८ पासून होता, १००० डॉलरचा लॉट, छोट्या माणसाला परवडणारा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, मे २०२४ पासून ते लागू झालं, आणि उलाढाल आटली. पुण्यात बसून चलनबाजार शिकू पाहणाऱ्याने जायचं कुठे?

आणि नुकसानाचंच म्हणाल तर सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. ते सगळं कायदेशीर होतं. त्यांची ॲप तुम्ही टाकून देताच ना?

---

पेठेतली सीए

कायद्याचा भाग मी सांगते, कारण दर महिन्याला एखादा तरी अशील हेच विचारतो.

फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे भारतात राहणाऱ्या माणसाने परकीय चलनाचे व्यवहार अधिकृत व्यक्तीबरोबर आणि परवानगी असलेल्या कारणासाठीच करायचे असतात. इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्मवर करायचे तर तो रिझर्व्ह बँकेने मान्य केलेला हवा, नाहीतर मान्यताप्राप्त एक्स्चेंज हवं. "एलआरएसमध्ये वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, मग पाठवतो की" हा युक्तिवाद मी शंभरदा ऐकला असेल. एलआरएस म्हणजे परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना. त्या योजनेतून परदेशी ब्रोकरकडे किंवा एक्स्चेंजला मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, पाठवायला मनाईच आहे. रिझर्व्ह बँकेने ३ फेब्रुवारी २०२२ च्या निवेदनात हे पुन्हा स्पष्ट केलं. उल्लंघनाला फेमाच्या कलम १३ खाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँक परवानगी नसलेल्या फॉरेक्स (परकीय चलन) प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करते. सुरुवातीला त्यात ३४ नावं होती, पुढे वाढत गेली. इथे लोक मोठी गल्लत करतात. आपल्या ब्रोकरचं नाव यादीत नाही म्हणजे चालतं, असं समजतात. यादी परिपूर्ण नाही, हे त्या यादीबरोबरच लिहिलेलं आहे.

अल्गोवाल्यांचा २०२४ चा मुद्दा अर्धा बरोबर आहे. १० कोटी डॉलरपर्यंत कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत, पण रुपयाच्या जोडीत सौदा करायला त्यामागे खरी चलनाची जोखीम असावी लागते: आयात, निर्यात, कर्ज, असं काहीतरी. त्यामुळे नुसता अंदाज बांधणारा माणूस बाहेर पडला, हे खरंच. पण आपल्याकडचं दुकान बंद झालं म्हणून बेकायदा दुकानात जायला परवानगी मिळत नाही.

---

वारज्याची ताई

मी ट्रेडिंगमधली नाही. भावाबरोबर झालं ते लिहिते.

त्याने पैसे भरले ते यूपीआयने. दर वेळी समोर वेगळं नाव यायचं, कधी कुठल्या ट्रेडर्सचं, कधी नुसतं एखाद्या माणसाचं. त्याला विचारलं तर म्हणायचा, "त्यांचे लोकल पार्टनर आहेत." फायदा झाला, त्याने अठरा हजार काढले, खात्यात आले सुद्धा. आम्हाला वाटलं, चला, खरंच आहे. तीन आठवड्यांनी त्याचं पगाराचं खातं गोठलं. बँकेत गेल्यावर कळलं की ते अठरा हजार ज्या खात्यातून आले, त्याच्यावर दुसऱ्या राज्यात फसवणुकीची तक्रार होती. तिथल्या सायबर पोलिसांचं पत्र होतं. घरभाडं, आईची औषधं, हप्ता, सगळं अडकलं. सात आठवडे मेल आणि फोन करत होतो.

फसवणूक त्याने केली नव्हती. पण कुणाच्या तरी बुडालेल्या पैशातून याला 'फायदा' दिला होता. त्याच्या लॅपटॉपवरही कुणीतरी दहा मिनिटांत जोडूनच दिलं असेल. दादा, तुम्ही करताय ते बरोबर आहे.

---

पेठेतली सीए

ताईंनी लिहिलंय ती अगदी नेहमीची पद्धत आहे. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याच कारणासाठी सावध केलं होतं. हे प्लॅटफॉर्म स्थानिक एजंट नेमतात आणि ते एजंट वेगवेगळ्या शाखांत खाती उघडून पैसे गोळा करतात. आपल्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात नोंदलेल्या एका गुन्ह्यावरूनच ईडीने एका मोठ्या परदेशी फॉरेक्स प्लॅटफॉर्मची चौकशी सुरू केली होती. पैसे भरताना समोर ब्रोकरऐवजी भलतंच नाव दिसलं, तर तिथेच थांबावं.

---

हिंजवडीचा अल्गोवाला

ताई, तुमच्या भावाचं वाचून मी दहा मिनिटं काही लिहिलं नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण दुकानदार दादांना एक विचारतो. तुम्ही नाही म्हटल्यावर तो मुलगा घरी जाऊन अभ्यासाला बसणार आहे का? तो टेलिग्रामवर जाईल. तिथला एजंट एनीडेस्क टाकायला सांगेल, लॅपटॉपचा ताबा घेईल, पाच मिनिटांत जोडून देईल आणि मास्टर पासवर्ड स्वतःकडे ठेवेल. त्याला लॉटमागे कमिशन मिळतं, म्हणून तर अकरा दिवसांत त्रेसष्ट सौदे झाले. तुम्ही जोडून दिलं असतं तर निदान दोन पासवर्डमधला फरक तुम्ही सांगितला असता. मास्टर पासवर्ड ब्रोकरच्या पोर्टलवरून बदलता येतो, हेही सांगितलं असतं. जाणकार माणूस बाजूला झाला की जागा कोण घेतो?

---

सिंहगड रोड

हा मुद्दा पटण्यासारखा आहे. माझ्या पुतण्याचं असंच झालं. घरात सगळे नाही म्हणाले, मग त्याने लपून केलं, आणि लपून केल्यामुळे बुडाल्यावरही चार महिने कुणाला सांगितलं नाही.

---

कर्वेनगरचा दुकानदार

अल्गोवाले, तुमचा हा दुसरा मुद्दा मला दिवसभर छळत होता, म्हणून उत्तराला उशीर झाला.

पासवर्ड बदलायचा प्रयत्न आम्ही केला होता. पोर्टलला नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल दोन्ही त्या सरांचे. खातं याच्या नावाचं, आधारकार्ड याचं, आणि चाव्या सगळ्या त्यांच्याकडे.

तुम्ही म्हणता मी समजावून सांगितलं असतं. खरं सांगू का, मी आजवर किती जणांना सांगितलं? एकालाही नाही. गिऱ्हाईक कागदावर लिहून आणायचं: खाते क्रमांक, पासवर्ड, सर्व्हर. मी ते तीन रकाने भरायचो, भाव हलायला लागले की "झालं" म्हणायचो. नाही जुळलं तर मेटाट्रेडर ४ चा क्रमांक ५ मध्ये टाकलाय का बघायचो, सर्व्हरच्या नावात डेमो-लाइव्हची गफलत आहे का बघायचो. तो पासवर्ड मास्टर की इन्व्हेस्टर, हे विचारायचं कधी डोक्यातच आलं नाही. त्या परभणीच्या मुलासारखे आणखी किती जण माझ्याच टेबलावरून गेले असतील?

म्हणून एक बदल करतो. डेमो खातं, म्हणजे खोट्या पैशांचं सरावाचं, जोडून देईन, पैसे न घेता. तेव्हाच दोन पासवर्ड दाखवीन, इन्व्हेस्टर पासवर्डने आत गेल्यावर बटण कसं करडं होतं ते त्यांच्याच हाताने करून बघायला लावीन. सीए ताईंनी लिहिलेलं छापून टेबलाच्या काचेखाली ठेवीन, त्यांची हरकत नसेल तर. लाइव्ह खातं मात्र जोडणार नाही. बेकायदा व्यवहाराचं दार काळजीपूर्वक उघडून दिलं, तरी ते उघडलंय मीच.

---

हिंजवडीचा अल्गोवाला

डेमोचं ठीक आहे. पण त्याचाही एक धोका सांगतो, तो मुलांना नक्की दाखवा. डेमोत ऑर्डर मागाल त्या भावाला जवळजवळ लगेच भरते. खऱ्या खात्यात अमेरिकेचे रोजगाराचे आकडे येतात, आपल्याकडे संध्याकाळी सहा किंवा सातला, तेव्हा खरेदी-विक्रीतलं अंतर एकदम फाकतं आणि स्टॉपलॉस (तोटा थांबवायचा भाव) लावला असतो एकीकडे, सौदा कटतो भलतीकडेच. वर डेमोत दहा हजार डॉलर मिळतात. मुलगा त्यावर एक लॉट टाकायची सवय लावून घेतो. युरो-डॉलरचा एक लॉट म्हणजे एक लाख युरो, एका पिपला, म्हणजे भावातल्या ०.०००१ च्या हालचालीला, दहा डॉलर. खिशात तीनशे डॉलर असताना तीच सवय त्याला तीस पिपमध्ये संपवते. डेमो उघडतानाच शिल्लक तीनशे ठेवा, दहा हजार नको. तेवढीच रक्कम टिकवून बघू दे.

लाइव्हबद्दल माझं मत बदललेलं नाही. नियम सुटसुटीत केले तर हे एजंट आपोआप संपतील असं मला अजून वाटतं, आणि त्यासाठी भांडत राहीन.

---

पेठेतली सीए

नियमांसाठी जरूर भांडा, त्यात मीही आहे. काचेखाली ठेवायला हरकत नाही, फक्त तारखांसकट ठेवा.

दुकानदार, त्या मुलाचं काय झालं? चाळीस हजार गेले असं धरून बसू नका. पैसे ज्या खात्यांत गेले त्यांचे यूपीआय व्यवहार क्रमांक त्याच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये असतील. ते, टेलिग्रामवरच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि तुम्ही बघितलेली हिस्टरी, सगळं एकत्र करा. १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आधीच उशीर झालाय, आणखी दिवस घालवू नका. आधारकार्ड त्यांच्याकडे आहे तेही तक्रारीत लिहा. फेमाच्या भीतीने गप्प बसू नकोस म्हणावं. आधी माझ्याकडे येऊ दे, फी घेणार नाही.

---

कर्वेनगरचा दुकानदार

त्याला आत्ताच फोन केला. घरी अजून सांगितलेलं नाही, वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून पाठवले होते. हिस्टरी आम्ही दोघांनी मिळून फाइलमध्ये उतरवून ठेवलीय, कारण खातं ते लोक कधी बंद करतील सांगता येत नाही. बघायचा पासवर्ड निदान तेवढ्या कामाला आला. १९३० ला फोन तो आज रात्रीच करतोय. उद्या सकाळी दहाला स्टेटमेंट घेऊन दुकानात येईल, तिथून मी त्याला तुमच्याकडे घेऊन येतो.