नखऱ्याचं वऱ्हाडी गाणं: डीजेवर अन् मोबाईलवर दोन्हीकडं कसं वाजवाचं?

कापूसकोंड्या (दारव्हा)
पोरीच्या तोंडचं, ठसक्याचं गाणं करून रायलो. मुखडा असा:

गाडी तुही, रस्ता माहा
कुठं थांबाचं, मर्जी माही

गाणारीचा सूर काळी चार, ठेका मिनिटाला ९६ ठोके. एक कंडेन्सर माईक, दोन चॅनलचा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी), लॅपटॉप. खोली टिनाची. अडचणी तीन: दुसरी ओळ दर टेकला घसरते, मोबाईलवर बेस गायब होते, डीजेवर गाणारीचा आवाज दबते. कोणी म्हणते ठेका १२८ करा. तुळशीच्या लग्नाआधी सोडाचं हाये. काय बदलू?

ढोलकीची_शाई
ओळ गाणारीमुळं नाही घसरत, अक्षरांमुळं घसरते. गा-डी-तु-ही-रस्-ता-मा-हा, आठ झाली. केरवा तालाच्या आठ मात्रांत एकेक बसली. दुसरीत कु-ठं-थां-बा-चं पाच अन् मर्-जी-मा-ही चार, म्हणजे नऊ. नववं अक्षर पुढची सम, म्हणजे पहिली मात्रा, खाते. "कुठं थांबन, मर्जी माही" करा, आठ होतात. अर्थालाही धार येते. "थांबाचं"मध्ये ठरवणं आहे; "थांबन"मध्ये गाडीच तिचं ऐकते.

१२८ अजिबात नको. एका ठोक्यात दोन मात्रा धरल्या तर ९६ ला केरव्याचं एक आवर्तन (आठ मात्रांचा फेरा) बरोबर अडीच सेकंदांचं, १२८ ला दोनाच्याही आत. तेवढ्यात शब्द फक्त फेकले जातील, लाडिक ओढायला जागा उरणार नाही. उलट प्रत्येक ओळीनंतर अख्खं आवर्तन मोकळं सोडा. तिथं ढोलकीचा एक तुकडा अन् मागून पोरींचं "हाव!" एवढंच. आत्मविश्वास त्या थांबण्यात ऐकू येतो; जी घाईनं पुढची ओळ गाते ती विनवणी करत असल्यासारखी वाटते. दोन ओळी अन् दोन मोकळ्या जागा मिळून दहा सेकंद, रीलला नेमकं माप.

मुखडा सा ते प मध्येच ठेवा. धुमालवाल्यानं (वरातीतल्या बँडवाल्यानं) कीबोर्डावर एकदा ऐकून उचलला पाहिजे. अन् "माहा"चं "माझा" करू नका. चार ठिकाणी "बेबी" घालून गाणं वऱ्हाडी होत नसते.

टिनाखालचा_स्टुडिओ
टिनाची खोली कोरडी केल्याशिवाय पुढं जाऊ नका. गाणारीच्या पाठीमागं अन् दोन्ही बाजूंना जाड वाकळ दोरीवर लटकवा, भिंतीपासून वीतभर सोडून. माईकचं तोंड गाणारीकडं असते, म्हणून तिच्या मागची वाकळ सगळ्यात कामाची. लोक माईकमागं गादी लावून मोकळे होतात अन् मग खोली घुमते म्हणतात.

कूलर, पंखा बंद. फँटम (कंडेन्सर माईकला लागणारी वीज) ४८ व्होल्ट चालू, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. आवाजाची उंच टोकं उणे १२ ते उणे ६ डीबीत राहू द्या. घूंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गेला तर दोष अर्थिंगचा, माईकचा नाही.

अंतरा चार बोटांवरून, जवळजवळ बोलल्यासारखा. मुखडा वीतभर मागं सरकून. पॉप फिल्टर (माईकपुढची जाळी) लावाच, "थांबन"चा "थ" फुटतो. ऑटोट्यून (सूर आपोआप जागेवर आणणारं) पूर्ण कडक ठेवलं तर "मर्जी"वरची मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, कापली जाते अन् अर्धा नखरा तिथंच संपते. "हाव!" एकाच पोरीकडून पाच वेळा घ्या, दर वेळी एकेक पाऊल मागं नेऊन. घोळका तयार होतो.

बेस_बघा_बेस
मोबाईलचा स्पीकर साधारण २०० हर्ट्झखाली काही देत नाही. तुमचा बेस ५० च्या आसपास असणार. पातळी वाढवून फायदा नाही. बेसची एक प्रत काढा, तिच्यावर सॅच्युरेशन (वरचे स्वर वाढवणारा इफेक्ट) टाका, १५० च्या खालचं कापा अन् मूळ बेससोबत हळूच मिसळा. वरचे स्वर ऐकू आले की कान खालचा बेस स्वतःच धरतो.

डीजेवर आवाज दबण्याचं पहिलं कारण तपासा: मुख्य आवाजावर स्टीरिओ रुंद करणारं काही लावलंय का? पुष्कळ सेट मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, चालतात. डावं-उजवं एकमेकांना खाते अन् आवाज जाते. मोनोचं बटण दाबून ऐका. आवाज मधोमध ठेवा, ९० हर्ट्झखाली कापा, कीबोर्डातून १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डीबी काढा.

यूट्यूबसाठी फाइल उणे १४ लफ्सच्या (गाण्याच्या एकूण जोराचं माप) आसपास. त्याहून जोरात दिली तर ते स्वतःच खाली आणतात. डीजेची फाइल वेगळी, उणे ९ पर्यंत, वेव्हमध्येच (न दाबलेली फाइल). तिच्या सुरुवातीला अन् शेवटी आठ-आठ आवर्तनं नुसता ठेका, वीस सेकंद. ते नसलं तर डीजेवाल्याला आधीच्या गाण्यातून जोडता येत नाही, अन् तो तुमचं गाणं लावतच नाही.

कापूसकोंड्या (दारव्हा)
"थांबन" चपखल बसलं. रुंदीचं प्लगइन होतंच, काढलं. एक राहिलं: ठेका नेटवरून फुकट उतरवलेला हाये. चालन ना?

सातबारा_गाण्याचा
चालणार नाही. तोच ठेका आणखी शंभर जणांनी घेतलेला असतो. त्यातल्या एकानं कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणं ओळखणारी व्यवस्था) नोंदवला की तुमच्या व्हिडिओवर दावा येतो अन् पैसा तिकडं वळते. ढोलकी स्वतः वाजवून घ्या, मुखड्याला दोनच तुकडे लागतात.

गीतकार, संगीतकार अन् गाणारी यांच्याशी लेखी करार आधी, रेकॉर्डिंग मग. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सोडून घेता येत नाही, तेव्हा "एकदाच पैसे दिले, विषय संपला" असं कागदावर लिहून उपयोग नाही.

यूट्यूबच्या जाहिरातीच्या वाट्यासाठी १००० सबस्क्रायबर, सोबत वर्षभरात ४००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू लागतात. म्हणून आधी दहा सेकंदांचा मुखडाच शॉर्ट्सवर सोडा, पूर्ण गाणं त्यानंतर. अन् डीजेची वेव्ह फाइल पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपवरून फॉरवर्ड झालेली एमपीथ्री मोठ्या बॉक्सवर चिरकते.