शेवटचं अक्षर फसवतं

एमबीटीआय आणि सोशिऑनिक्स या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या कल्पनांवर उभ्या, माणसांचे सोळा स्वभावप्रकार पाडणाऱ्या दोन पद्धती. प्रत्येक प्रकाराला आयएनटीजेसारखं चार अक्षरांचं नाव. एमबीटीआयमधला आयएनटीजे म्हणजेच सोशिऑनिक्समधला आयएनटीजे, असं अनेकदा धरलं जातं. गफलत इथंच आहे.

एमबीटीआयमध्ये शेवटचं 'जे' (निर्णयाकडे कल) किंवा 'पी' (अनुभव टिपण्याकडे कल) ठरतं ते बहिर्मुख फंक्शनवरून. फंक्शन म्हणजे विचार, भावना, संवेदन, अंतर्ज्ञान यांपैकी एक, अंतर्मुख किंवा बहिर्मुख रूपातलं. आयएनटीजेचं मुख्य फंक्शन अंतर्मुख अंतर्ज्ञान. 'जे' मिळतो तो दुसऱ्या क्रमांकावरच्या बहिर्मुख विचारामुळे. सोशिऑनिक्स मात्र मुख्य फंक्शनच बघतं. अंतर्ज्ञान युंगच्या 1921च्या मांडणीनुसार अ-तार्किक, म्हणजे 'पी'कडचं, त्यामुळे फंक्शनांची तीच जोडी तिथं आयएनटीपी (सोशिऑनिक्समधलं दुसरं नाव आयएलआय) ठरते. बहिर्मुखांमध्ये मुख्य फंक्शनच बहिर्मुख, म्हणून ईएनटीजे दोन्हीकडे ईएनटीजेच.

म्हणून अंतर्मुखांचं शेवटचं अक्षर उलटवायचं, एवढ्यावर बरेच जण थांबतात. पण नावं तीच असली तरी व्याख्या सरकलेल्या आहेत. सगळ्यात जास्त सरकलंय ते अंतर्मुख संवेदन. एमबीटीआयवाले त्यात आठवण, पूर्वानुभवाशी ताडून पाहणं, ठरलेली पद्धत हे धरतात. सोशिऑनिक्समध्ये तेच शरीराचा आराम, चव, स्पर्श, तब्येत. जुन्या नोंदी काटेकोर जपणारा, पण पाठ अवघडली तरी खुर्चीतून न उठणारा माणूस एका पद्धतीत यात पक्का, दुसरीत कच्चा!

क्रमांकही जुळत नाहीत. आयएनटीजेचं तिसरं फंक्शन, अंतर्मुख भावना, मॉडेल 'ए'मध्ये, म्हणजे सोशिऑनिक्सच्या आठ जागांच्या आराखड्यात, सहाव्या जागी जातं. तिथल्या चौथ्या, सगळ्यात नाजूक जागी बहिर्मुख भावना येते.

आणि एमबीटीआय चाचणीतली चार अक्षरं फंक्शन मोजतच नाहीत, अंतर्मुख-बहिर्मुख अशा विरुद्ध कलांच्या चार स्वतंत्र जोड्या मोजतात. त्यामुळे रूपांतर करण्यापेक्षा त्या-त्या पद्धतीतलं मुख्य फंक्शन आधी वर्णनावरून वेगळं ठरवा.